फाटलेला मांडा

फार पूर्वी, म्हणजे किती पूर्वी ते मला विचारू नका. घरोघरी जात्यावर दळण होत होतं आणि नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं, एवढं ठाऊक आहे. तेव्हा खानदेशातल्या एका गावात भागाबाई नावाची एक सासू होती. तिच्या हातचे मांडे आसपासच्या गावांत गाजलेले.

मांडा माहीत आहे ना? नसेल तर ऐका. पुरण भरलेली पोळी थोडीशीच लाटायची. मग ती दोन्ही हातांवर उचलायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मोठी करायची. मनगटापासून कोपरापर्यंत आली पाहिजे, इतकी पातळ झाली पाहिजे की पलीकडचा हात दिसावा, आणि फाटता तर मुळीच कामा नये. चुलीवर उपडं खापर तापलेलं असतं, त्यावर ती अलगद पसरायची. भाजली की धोतरासारखी घडी घालायची. वर तूप, सोबत आमरस. अहाहा! सांगतानाच तोंडाला पाणी सुटलं बघा.

त्या मुलखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि आईच्या हातचे मांडे खातात. मांडा खाल्ला नाही तर आखाजी झालीच नाही म्हणायची.

भागाबाईच्या घरात मांड्याबद्दल एक समजूत होती. मांडा हातात असावा लागतो, शिकून येत नाही. ज्याच्या हातात आहे त्याच्या आहे, नाही त्याच्या नाही, संपलं. नव्या सुनेला वाटलंच करून बघावंसं, तर तिची पाळी सगळ्यात शेवटी. पाहुणे जेवून सुपारी कातरत बसलेले, चूल विझत आलेली, परातीत उरलेला कणकेचा गोळा वाळलेला, आणि कंबर मोडून गेलेली. अशा वेळी तिने मांडा उचलायचा. तो फाटायचाच! मग सगळ्या बायका फिदीफिदी हसणार. आणि फाटलेला मांडा कोणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही. जिने फाडला तिने तो पदराखाली घ्यायचा आणि मागच्या दारी जाऊन गुपचूप खाऊन टाकायचा. त्यानंतर पुन्हा पाळी कधी? तर पुढच्या आखाजीला.

थोरली सून बायजा बरीच वर्षं मागच्या दारी जात राहिली. मांडा काही तिला आला नाही, अंग मात्र चांगलं भरलं. शेवटी तिने कानाला खडा लावला. "माझ्या हातात नाही बाई मांडा," असं स्वतःच हसून सांगायची. दुसऱ्यांनी हसण्यापेक्षा आपणच आधी हसलेलं बरं, असा तिचा हिशोब.

पण एकीला ते हसण्यावारी नेता आलं नाही. ती म्हणजे भागाबाईची एकुलती एक लेक, मंजुळा.

मंजुळा लग्न होऊन सासरी गेली, आणि तिथल्या माणसांनी पहिल्याच सणाला हौसेने सांगितलं, "मांडेवालीची लेक आणली आहे, आज मांडे होऊ द्या." ती बसली चुलीपाशी. एक मांडा उचलला, फाटला. दुसरा उचलला, फाटला. परातीतलं पीठ संपलं, पण एक मांडा धड उतरला नाही. सासरची माणसं हसली ती हसलीच. मंजुळा रडत माहेरी आली, तेव्हा भागाबाई पापड वाळत घालत होती. मानही वर न करता ती म्हणाली, "तुझ्या हातात मांडा नाहीच. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

झालं. त्या दिवसापासून मंजुळा आखाजीला माहेरी आली नाही. दिवाळीला भावाच्या हाती फराळ पाठवायची, आखाजीला मात्र दर वर्षी काहीतरी अडचण निघायची. कधी गाय व्यायलेली, कधी सासूचे गुडघे. भागाबाई काय समजायचं ते समजली होती. पण बोलून गेलेलं परत कसं घेणार? दर आखाजीला ती एक मांडा घडी घालून टोपलीत झाकून ठेवायची. दिवस मावळला की तो गायीपुढे टाकायची आणि गायीशी उगाच भांडायची.

एका हिवाळ्यात भागाबाई नदीच्या घाटावर घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड बसवणारा आला, त्याने हातातल्या बांगड्या फोडल्या, कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाण्याचा तांब्याही त्या हाताने उचलेना. आणि नेमका तेव्हाच बांगड्या भरायला आलेल्या कासाराने निरोप आणला, "मंजुळाताईंनी तुमच्या हाताचं ऐकलं; म्हणाल्या, यंदा आखाजीला येते."

भागाबाईला आधी हसू फुटलं. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं आणि तिला रडूच कोसळलं. "देवा, इतकी वर्षं हात होता तेव्हा लेक आली नाही. आता लेक येतेय तर हात नाही! काय वाढू मी तिला?"

बायजा म्हणाली, "आत्याबाई, पलीकडच्या गावची मांडेवाली बोलावू की. चांगले करते."

"माझी लेक माहेरी परक्या बाईच्या हातचं खाणार? मग यायचं कशाला तिनं?"

तेवढ्यात जात्यापाशी बसलेली धाकटी सून म्हणाली, "मी शिकू का, आत्याबाई?"

ही कौतिक. डोंगराकडची पोर, भात-भाकरीच्या मुलखातली. लग्न होऊन आली तोवर तिने मांडा डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, आणि आल्यावर केलेला तिचा पहिला मांडा थेट चुलीच्या राखेत पडला होता. बायजाला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला.

"अगं, हातात असावा लागतो," भागाबाई म्हणाली.

"नसेल तर कळेलच. पण आखाजी अजून लांब आहे. तोवर रोज थोडं थोडं करून बघते."

"रोज? रोज पुरण कुठून आणणार? आपण काय राजे आहोत?"

दुसऱ्या दिवशी कौतिक नदीवर धुणं धूत होती. पंचा पिळून झटकायला तिने हातावर घेतला, तर तो ओला पंचा मनगटावरून असा खाली लोंबला की तिला एकदम मांडाच आठवला. तिने तो या हातावरून त्या हातावर टाकून पाहिला. पंचा दगडावर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. पण पंचाच तो, फाटतोय थोडाच!

मग काय विचारता! डाळ शिजेपर्यंत, दूध तापेपर्यंत कौतिक आपली ओला पंचा हातांवर फिरवत उभी. शेजारणी कुंपणावरून डोकावायच्या. "भागाबाई, तुमच्या सुनेला झालंय तरी काय? धुण्याशी नाचते ती!" भागाबाई डोक्याला हात लावायची. पण पंचा खाली पडायचा हळूहळू थांबला.

मग कौतिकने पुरणाशिवाय नुसती कणीक घेतली. रात्रीच्या पोळ्या करायच्याच असत, त्यातला पहिला गोळा ती मांड्यासारखा हातावर घ्यायची. चूल ताजी असायची, अंगात दम असायचा, कणीक मऊ असायची. फाटला तर तोच गोळा मळून साधी पोळी लाटायची. अन्न काही वाया जात नव्हतं. पोळ्या मात्र वेड्यावाकड्या व्हायच्या. धाकटा दीर ताटाकडे बघून विचारायचा, "वहिनी, आज पोळीला बाही ठेवलीय, का बिनबाह्यांची आहे?" सगळे हसायचे, कौतिकही हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला गोळा हातावर.

एकदा तिच्या डोक्यात खूळ शिरलं. भागाबाई सोडून घरची सगळी शेतावर गेलेली, तर आज आपण हे काम पुरतं फत्ते करूनच टाकू, म्हणून ती सकाळपासून बसली ती उठलीच नाही. दुपारपर्यंत हात भरून आले, आणि सकाळी बरा होणारा मांडाही फाटायला लागला. चिडून तिने गोळा परातीत आपटला आणि रडत बसली. भागाबाई तिच्याजवळ येऊन म्हणाली, "ऊठ. आता हात तुझे नाहीत. जेव आणि झोप." दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला बरा जमला. तेव्हापासून तिने थोडंच करायचं, पण रोज करायचं, असं ठरवून टाकलं.

तरी एक अडचण काही केल्या सुटेना. मांडा मोठा होत आला की फाटायचाच. बायजा म्हणाली, "सोड ना. मीही इथवर पोहोचले होते. पातळ झाला की फाटतो. नशीब!"

पण कौतिकने फाटलेला तुकडा पदराखाली घेतला नाही. ती तो दारातल्या उजेडात घेऊन गेली आणि निरखून पाहू लागली. दुसऱ्या दिवशी फाटला तोही पाहिला. तिसऱ्या दिवशीचाही. "जाऊबाई, इकडे या. हा एकाच जागी फाटतो. मनगटावर येतो तिथंच. बघा, बारीक बारीक चिरा आहेत."

बायजाने वाकून पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं तिने कितीतरी मांडे फाडले, पण फाटलेल्याकडे नीट पाहिलं होतं कधी? पाहण्याआधी गिळून टाकत होती बिचारी.

कौतिक सासूकडे गेली. "आत्याबाई, तुम्ही मांडा उचलण्याआधी काय करता?"

"काय करणार? उचलते आणि मोठा करते."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. भलतंच विचारतेस."

"बरं, मग डोळे मिटा. समोर चूल आहे, परात आहे, पोळी लाटून तयार आहे. आता करा मांडा. नुसता हवेत करा, हात दुखेल इतका नको."

भागाबाईला वाटलं, काय हा पोरखेळ. पण तिने डोळे मिटले. आणि पोळी उचलण्याआधी तिचा डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला आणि कोपराकडे सरकला.

"थांबा!" कौतिक ओरडली. "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हात वर सरकवलात. मनगटापासून कोपरापर्यंत."

भागाबाईने डोळे उघडून आपल्या हाताकडे पाहिलं. मोडलेल्या हातात बांगड्या नव्हत्याच, तरी तिने त्या वर सारल्या होत्या. आयुष्यभर मांडा करताना ती बांगड्या कोपराशी घट्ट बसवत आली होती. पण हे ना तिला माहीत होतं, ना तिने कोणाला सांगितलं होतं. कौतिकने आपल्या मनगटाकडे पाहिलं. हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटावर खुळखुळत होत्या, आणि त्यांच्या कडांना वाळलेली कणीक चिकटलेली होती.

कौतिकला आनंदाने नाचावंसं वाटलं. पण सासूचं तोंड पाहून ती थबकली. भागाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मंजुळा नवी नवरी होती गं," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही हात चुड्यानं भरलेले होते. फाटणारच मांडा. आणि मी काय बोलले तिला! हातात नाही म्हणाले. माझ्या पोटच्या पोरीला."

कौतिकने सासूला पाणी आणून दिलं आणि जवळ बसून राहिली.

त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. कौतिकने बांगड्यांचं गुपित आधी बायजाला दाखवलं. बायजा नाक मुरडत बसली खरी, पण बांगड्या वर सारल्यावर तिचाही मांडा कोपरापर्यंत आला, आणि ती इतक्या जोरात ओरडली की दारातली कोंबडी उडाली. गंमत म्हणजे, जावेला समजावून सांगताना कौतिकला स्वतःचीही एक चूक सापडली. ती पोळी बोटांच्या टोकांनी उचलत होती, तळव्याने नाही. भागाबाईही आता "उचलते आणि मोठा करते" यावर थांबत नव्हती. डोळे मिटून हात हवेत फिरवायची आणि मध्येच म्हणायची, "थांब थांब, मी श्वास रोखते वाटतं इथं!"

अखेर आखाजी उजाडली. मंजुळा आली. झोक्यावर गेली नाही, मैत्रिणींकडे गेली नाही. नमस्कार केला आणि ओट्यावर परक्यासारखी बसून राहिली. भागाबाईला बोलायचं होतं खूप, पण तोंडातून निघालं एवढंच, "ऊन लागलं का गं वाटेत?"

"नाही," मंजुळा म्हणाली.

आत कौतिक चुलीपाशी बसली. शेजारणी, पोरंटोरं सगळी गोळा झाली होती. तिने बांगड्या वर सारल्या, पुरणाची पोळी उचलली, फिरवू लागली. वैशाखाचा वारा भट्टीतून आल्यासारखा दारातून घुसत होता. मांडा कोपरापर्यंत आला, आणि टर्रकन फाटला.

बायजा कानाशी पुटपुटली, "पदराखाली घे पटकन. मागच्या दाराने जा. मी त्यांना बोलण्यात गुंतवते."

कौतिकचे कान तापले. बाहेर मंजुळा बसलेली, दारात सासू उभी, डोळ्यांत पाणी. क्षणभर तिचा हात पदराकडे गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला आणि फाटलेला मांडा सगळ्यांदेखत ताटात पसरला. वाकून बघितलं. मनगटाच्या जागी तो शाबूत होता. फाटला होता कडेने.

"कणीक वाळलीय," ती म्हणाली. "वाऱ्यानं. दार लावा, आणि मला ओलं फडकं द्या."

तिने पाण्याचा हात लावून कणीक पुन्हा मळली, ओल्या फडक्याखाली झाकली, आणि स्वस्थ बसली. पोरं भुकेने कुरकुरली. एक शेजारीण म्हणाली, "अगं, किती वेळ?" भागाबाई तिला म्हणाली, "मुरेल तितका वेळ. घाई असेल तर घरी जा." आजवर भागाबाई असं कोणाशी बोलली नव्हती.

मग कौतिकने दुसरा मांडा उचलला. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर. तो मोठा झाला, पातळ झाला, आतून तिच्या हाताचा रंग दिसायला लागला. खापरावर अलगद उतरला. घरातल्या बायकांनी एकदम श्वास सोडला. बायजा तर चक्क रडायला लागली.

गलका ऐकून मंजुळा आत आली. तिचं लक्ष चांगल्या मांड्याकडे गेलंच नाही. ती ताटाकडे बघत उभी राहिली.

"हा फाटलेला कोणाचा?"

"माझा," कौतिक म्हणाली. "कडेनं फाटला. कणीक वाळली होती."

"आणि तू तो असा सगळ्यांसमोर ठेवलास?"

"ठेवला म्हणून तर कळलं ना, ताई, कुठं चुकलं ते."

मंजुळा खाली बसली. चांगला मांडा तिच्या पानात वाढत होते, तो तिने हाताने बाजूला सारला आणि फाटलेल्यातला एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "आई," ती म्हणाली, "या घरात फाटलेला मांडा मी आज पहिल्यांदा ताटात पाहिला. मला वाटायचं, जगात एकट्या माझाच फाटतो."

भागाबाई तिच्यासमोर येऊन बसली. "हातात काही नसतं गं पोरी. मी खोटं बोलले. मला करता येत होतं, पण शिकवता येत नव्हतं, आणि दोष तुझ्या हाताला दिला. या म्हातारीला माफ कर."

मंजुळाने नुसते हात पुढे केले. भागाबाईने आपल्या धडक्या हाताने लेकीच्या बांगड्या एकेक करून वर सारल्या, पार कोपरापर्यंत, आणि घट्ट बसवल्या. मग कौतिककडे वळून म्हणाली, "सूनबाई, तो तुझा ओला पंचा आण बरं."

त्या दिवशी मंजुळाचे किती मांडे फाटले, ते कोणी मोजलं नाही. फाटलेले सगळे मधल्या ताटात ठेवले होते आणि पोरं त्यावर तुटून पडली होती. संध्याकाळी टोपलीत झाकून ठेवायला एकही मांडा उरला नाही. गाय बिचारी दावणीला वाट पाहत राहिली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच, बाळांनो: कला कोणाच्या हातात जन्मतःच बसलेली नसते. चुकलं तर लपवू नका, कुठे चुकलं ते उजेडात धरून बघा. तेवढाच अवघड भाग ताज्या हाताने रोज थोडा थोडा करा. आणि आपल्याला आलं की शेजारच्याला दाखवा. आणि तुम्हाला जर आधीच येत असेल, तर शिकणाऱ्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी आपण स्वतः काय करतो ते एकदा डोळे मिटून आठवा.